चांदवडच्या अलीकडे, शिवराईच्या वाटेवर

गावाचं नाव यात कुठेच येणार नाही हे आधीच सांगते. चांदवडच्या अलीकडे, आग्रा हायवेपासून थोडं आत, एवढं पुरे. आपल्याकडे "जुन्या वाड्याच्या वावरात नाणी निघाली" एवढं एक वाक्य जरी फिरलं तरी रात्री टिकाव घेऊन लोक येतात आणि मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झोप नाही.

वाडा माझ्या ताईच्या सासरचा. निम्मा पडलाय, पण दगडी जोतं, ओसरी, मागची बारव आणि समोरचं खळं अजून शाबूत आहे. खळ्याच्या पुढे घरचंच वावर, मग ओढा. खूप दिवसांपासून माझ्या मनात होतं की इथे मेटल डिटेक्टर फिरवून बघायचा, कारण भाऊजींना नांगरताना लहानपणी तांब्याचे जाड पैसे सापडायचे आणि ते गोट्या खेळायला वापरायचे म्हणे. मी ज्यांच्याकडे नाणी वाचायला शिकले ते सर (इतिहासाचे शिक्षक होते, आता रिटायर्ड) तयार झाले आणि ओळखीतून मशीनही मिळालं. वेळ पण बरोबर जुळली, मका निघून गेलेला, उन्हाळ कांद्याची लागवड व्हायचीये, मधे थोडे दिवस वावर मोकळं, आणि जमिनीत अजून ओल. ओल असली की मशीनला जरा बरं ऐकू येतं, उन्हाळ्यात हीच काळी माती दगडासारखी होते.

बुधवार, नाशिक

सकाळी नाशिकला उतरले, काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली, आणि सर म्हणाले आधी अंजनेरी, मग बाकी सगळं. त्र्यंबक रोडवर अंजनेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज आहे, १९८० पासून, डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली. फक्त नाण्यांवर काम करणारी अशी संस्था आणि तिचं म्युझियम आपल्या नाशिकजवळ आहे हे कितीतरी नाशिककरांना पण माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्र्यंबकला जाणारी गाड्यांची रांग तिथूनच पुढे जाते.

सरांचं म्हणणं असं की शोधायच्या आधी डोळ्याला सवय लागली पाहिजे, मातीत गंजलेला तुकडा हातात आला की नाणं आहे का वायसर आहे हे बोटांना कळलं पाहिजे. म्हणून आम्ही निवांत बघत बसलो.

तिथेच सरांनी कृष्णराजाची गोष्ट सांगितली. कलचुरी राजा, सहाव्या शतकातला, त्याची छोटी चांदीची नाणी, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी. बागलाणात देवळाण्याला ही नाणी सापडलीयत. आणि याच अंजनेरीला भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट मिळाले, इसवी सन ७१० च्या सुमाराचे, त्यात पैशांचा हिशोब चक्क "कृष्णराज रूपक" मध्ये दिलाय. म्हणजे राजा जाऊन दीडेकशे वर्षं झाली, राज्य दुसऱ्याचं, आणि लोक अजून त्याच्याच नावाचे पैसे मोजतायत! सर म्हणाले, "हे डोक्यात ठेव. नाण्यावर नाव कुणाचं आहे यावरून ते पडलं कधी ते कळत नाही." हे वाक्य पुढे वावरात सारखं सारखं आठवलं.

गुरुवार, पांडवलेणी आणि मग गाव

गावाला जायचं होतं दुपारी, त्यामुळे सकाळी पाथर्डी फाट्याजवळची पांडवलेणी. मी शाळेच्या सहलीत आले होते तेव्हा फक्त पायऱ्या आणि माकडं बघितली होती. यावेळी सर थेट दहा नंबरच्या लेण्यात घेऊन गेले, नहपान (क्षहरात वंशातला शक क्षत्रप) याचा जावई उषवदात याच्या लेखापुढे.

या लेखात काय आहे तर सरळ सरळ मुदत ठेव. उषवदाताने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) भिक्षुसंघासाठी कायमचे ठेवले, गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे. एका श्रेणीकडे २,०००, त्यावर महिना शेकडा एक, दुसरीकडे १,०००, त्यावर महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० वर वर्षाचे होतात २४०, आणि लेखात पुढे म्हटलंय की पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. वीस गुणिले बारा, २४०! मी तिथे उभ्या उभ्या मोबाईलवर गुणाकार केला आणि अंगावर काटा आला, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब पैशाला पैसा जुळतो. वर हे सगळं गावच्या सभेत जाहीर करून फळ्यावर लिहून ठेवलंय असंही नमूद आहे. आणि ते गोवर्धन अजून आहे, गंगापूर रोडला पुढे.

मग सरांनी जोगलटेंभीचं सांगितलं, सिन्नर तालुक्यात दारणा गोदावरीला मिळते तिथलं गाव. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला, नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (टोकांना गोल असलेली फुली). तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, त्यात मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निःशेष केला असं म्हटलंय, आणि नाणी तेच सांगतात, एकमेकांशी ठरवून ठेवल्यासारखं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की तो साठा एकत्र अभ्यासता आला म्हणून हे कळलं. तीच नाणी सुटी सुटी सराफाकडे जाऊन वितळली असती, किंवा कोणाच्या अल्बममध्ये एक एक गेली असती, तर ९,००० हा आकडा कुणाला मिळालाच नसता.

दुपारी निघालो. ओझर, पिंपळगाव, दोन्ही बाजूला द्राक्षबागा, मग हायवे सोडून आत. संध्याकाळी पोचलो तेव्हा थंडी एवढी की ताईने आधी चहा आणि शाल दोन्ही एकदम हातात दिलं. रात्री बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा. जेवण झाल्यावर आप्पांनी (ताईचे सासरे) कागद मागितले.

आता हा कागदांचा भाग, जो कुणी वाचत नाही पण मी लिहिणारच. सातबारा आप्पांच्या नावावर, म्हणून त्यांची लेखी परवानगी. तलाठी आणि पोलीस पाटलांना भाऊजींनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलेलं. आजूबाजूला संरक्षित स्मारक नाही याची खात्री केलेली, कारण तशा हद्दीत हे करणं म्हणजे सरळ गुन्हा. आणि सगळ्यात जुना कायदा, १८७८ चा निखात निधी कायदा, जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काहीही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय मिळालं, कुठे मिळालं, कधी मिळालं. दहा रुपये १८७८ चे, पण कायद्यात आकडा अजून तोच. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वरचं नाणं म्हणजे पुरावशेष. आप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे निघालं ते आपलं नाही." सर म्हणाले, "आप्पा, ते सरकार ठरवेल. पण कुठं निघालं ते आपण नीट लिहून ठेवू, ते काम आपलं."

शुक्रवार, खळं

सकाळी नऊशिवाय हात बाहेर काढवत नव्हते. खळ्यापासून सुरुवात केली, कारण धान्य उपणायचं, मोजायचं, बलुतेदारांना द्यायचं सगळं खळ्यावर, माणसांची गर्दी तिथे, वाकणं उठणं तिथे, कमरेचे पैसे पडणार ते तिथेच.

मशीन कसं चालतं ते थोडक्यात सांगते. खालच्या गोल कॉइलमधून चुंबकीय लहरी जमिनीत जातात, धातू असला तर त्यात छोटे प्रवाह फिरायला लागतात आणि त्यांचा उलटा परिणाम मशीन पकडतं. लोखंडाला जाड घरघर, तांब्या-चांदीला चढा, स्वच्छ आवाज. पण आपली जमीन बेसॉल्टची, त्या दगडातच लोहाचे कण, त्यामुळे मशीनला सगळी जमीनच थोडी थोडी धातूची वाटते. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज मशीनला ओळखायला लावून तो वगळणं, केल्याशिवाय इथे नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि बॅलन्स करून पण सेन्सिटिव्हिटी कमी ठेवावी लागली. म्हणजे नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल असली तर ऐकू येईल, त्याखाली अवघड. आम्हाला तेवढंच हवं होतं. नांगराच्या थराखाली हात लावायचा नाही हे ठरलेलंच होतं, त्याच्या खाली जे जसं आहे ते तसं राहू दे.

दुपारपर्यंत काय मिळालं? द्राक्षबागेच्या तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्यांची चकचकीत फॉइल (ही फारच, आणि आवाज असा देते की प्रत्येक वेळी आशा लागते), औषधाच्या बाटल्यांची बुचं, ट्रॅक्टरच्या पिना, आणि बैलांच्या पत्र्या. पत्री म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी नाल, झिजलेली, खिळ्यासकट. मी पत्र्या बादलीत टाकत होते तर सर म्हणाले नाही, यांची पण नोंद कर, जागा लिही. मी म्हटलं सर गंजकं लोखंड आहे. "लिही," म्हणाले. लिहिलं.

मग खळ्याच्या दगडी कडेला एक चांगला आवाज. भोकाचा पैसा! १९४४, मधे मोठं गोल भोक, वर मुकुट. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला हे भोक पाडलेले पैसे काढले होते, १९४३ ते ४७. आप्पा काठी टेकत उठून आले आणि हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. त्यांच्या लहानपणी पोरं हा पैसा करदोट्यात ओवून ठेवायची म्हणे, म्हणजे हरवणार नाही. थोड्या अंतरावर १९५७ चा एक नया पैसाही मिळाला, रुपयाचे शंभर भाग झाले त्या वर्षीचा. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै, आप्पांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि ताईची मुलं बघतच राहिली.

संध्याकाळी मात्र एक वेगळाच प्रकार. शेजारच्या गावचे एक गृहस्थ बांधावर येऊन उभे राहिले. "काय शोधू राहिले भाऊ? गुप्तधन काढू राहिले का?" भाऊजींनी सांगितलं जुने पैसे बघतोय, अभ्यासाला. ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मशीननं नाही दिसत ते. माझ्या वळखीत पायाळू माणूस हाये, अमावस्येला बसवू."

मला यावर लिहायलाच हवं. पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला जमिनीतलं धन दिसतं, त्याला काजळ लावायचं, कोंबडं कापायचं, हे सगळं आपल्याकडे अजून चालतं आणि गुप्तधनाच्या नादात लहान मुलांचे जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला. भाऊजींनी त्यांना हाकललं नाही. खळ्यावर बसवलं, चहा दिला, बादली दाखवली, तार, फॉइल, पत्र्या, नोंदवही दाखवली. सर त्यांना म्हणाले, "दादा, इथं हंडा नाही. लोकांच्या खिशातून पडलेलं हाये ते. धन पुरणारा खुणेनं पुरतो आणि जमलं तर काढून नेतो. हरवलेला पैसा मात्र तिथंच ऱ्हातो." ते बसले बराच वेळ. जाताना म्हणाले उद्या येतो बघायला. आणि खरंच आले.

शनिवार, वावर

आजचा दिवस माझ्यासाठी मोठा.

खळं सोडून वावरात आलो. आठ-आठ फुटांवर दोऱ्या लावून पट्टे पाडले आणि सावकाश चालायचं, कॉइल जमिनीला समांतर, प्रत्येक हेलकावा आधीच्यावर थोडा चढवून. घाई केली की मधल्या फटी राहतात. चिंचेच्या झाडाच्या थोडं पुढे आवाज आला, चढा, दोन्ही बाजूंनी सारखा. पाच बोटं खाली, मातीच्या ढेकळात, हिरवट काळं, जाड, कडा वाकड्या. मी ढेकूळ फोडलंच नाही, तसंच सरांकडे नेलं. त्यांनी मऊ ब्रशने कोरडी माती झटकली आणि मला म्हणाले वाच.

ठिपक्यांच्या कडेच्या आत, "राजा" स्पष्ट. वर "श्री" चा अर्धा भाग. खाली "शिव" असणार, पण ते नाण्याच्या बाहेर गेलेलं. उलटं केलं, "छत्र", मधे दोन आडव्या रेघा, खाली "पति" चा थोडा भाग.

शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. माझ्या हातात, आमच्या ताईच्या वावरातली. मला बोलताच येईना.

पण इथे लगेच एक सांगायला पाहिजे, कारण ही चूक सगळीकडे होते. शिवराईवर "श्री राजा शिव छत्रपति" आहे म्हणजे ती महाराजांच्या काळातलीच, असं नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे नाणं आलं आणि मग पुढे पेशवाई संपेपर्यंत ठिकठिकाणच्या टांकसाळींनी त्याच मजकुराने पाडलं. दोन रेघांची ही दुदांडी शिवराई, ती उशिराची, पेशवेकाळातली. आणि चालली तर त्याच्याही नंतर, इंग्रजांच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खेड्यापाड्यात शिवराईच लोकांच्या हातात होती. अंजनेरीचं ते कृष्णराज रूपक आठवलं ना? तेच. मला विचाराल तर यात महाराजांचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. दोनशे वर्षं रयतेने ज्याच्या नावाचा पैसा कमरेला लावला असा राजा दुसरा कुठला?

मग दिवसभर मिळत राहिल्या. अजून शिवराया, काही गुळगुळीत झालेल्या. कंपनी सरकारचे पाव आणे, १८३५ साल असलेले, सिंहांचं चिन्ह. १८६२ चा राणीचा पाव आणा. सरांकडे छोटा काटा होता, तांब्याचा पाव आणा नवा असताना साधारण साडेसहा ग्रॅमचा, आमचे सगळे त्याच्या खाली भरले, वापरून आणि मातीने खाऊन. शिवराईचं वजन मात्र दर नाण्याला वेगळं, हाताने पाडलेली नाणी ती.

प्रत्येक ठिकाणी आधी काडी रोवायची, फोटो, जीपीएस, खोली, मग नाणं कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आत घाम धरतो. आणि खोलीबद्दल एक गंमत कळली. भोकाच्या पैशाच्या जोडीचा अजून एक पैसा, १९४५ चा, इथे सापडला तो शिवराईपेक्षा खोल! मला वाटलं असं कसं. सर म्हणाले ही काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरची वस्तू भेगेत सरळ खाली जाते, पावसात भेग मिटते. वर नांगर फिरतो तो वेगळाच. म्हणून काळ्या मातीत खोलीवरून वय काढायचं नाही, आडवी जागा मात्र बऱ्यापैकी टिकते.

संध्याकाळी काकू (ताईच्या सासूबाई) प्रेमाने चिंचेचा कोळ घेऊन आल्या, तांब्या-पितळेला लावतात तसा, "आण इकडं, चकाचक करून देते." सरांनी हात जोडले. नाण्यावरचा तो गडद घट्ट हिरवा थर म्हणजे त्याचं कवच आहे, चिंचेने तो गेला की अक्षरं पण त्याच्याबरोबर जातात, आणि बाजारात पण असं घासलेलं नाणं पडून राहतं. फक्त फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे, ते नाणं वेगळं ठेवायचं, कोरडं ठेवायचं, आणि जाणत्याला दाखवायचं. काकूंनी ऐकलं, आणि मग आत जाऊन देवघरातून एक रुपया घेऊन आल्या, लक्ष्मीपूजनाला ठेवतात तो. जाड, चांदीचा, फारसी अक्षरं. सरांनी कंदिलासारखा मोबाईल धरून वाचला, शाह आलम बादशहाचं नाव, आणि टांकसाळ चांदोर, म्हणजेच चांदवड! चांदोरी रुपया. होळकरांच्या ताब्यातल्या चांदवडला टांकसाळ होती, नाव दिल्लीच्या बादशहाचं, अंमल होळकरांचा. पिढ्यान् पिढ्या हा रुपया देवापुढे, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं की तो इथून इतक्या जवळ पाडलाय. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्याच गावाकडचा हाये की हा."

वावरात आम्हाला चांदी अजिबात मिळाली नाही, शेवटपर्यंत. आणि मला ते बरोबरच वाटतं. चांदीचा रुपया पडला तर माणूस कंदील घेऊन रात्रभर शोधेल, सापडल्याशिवाय घरी जाणार नाही. पैसा पडला तर थोडं बघेल, हळहळेल, आणि अंधार पडतोय म्हणून निघून जाईल. आम्हाला मिळालं ते हे, गरिबाने सोडून दिलेलं. राजांच्या लढाया ताम्रपटात असतात, पण बाजाराला निघालेल्या एका बाईच्या पदराच्या गाठीतून काय पडलं ते फक्त मातीतच असतं.

रविवार, रेघ

सकाळी नाश्त्याच्या आधी सर ओसरीवर ग्राफपेपर पसरून बसले. मी नंबर वाचत होते, ते टिंबं मारत होते. नाण्यांना गोल, पत्र्यांना फुली. आधी नुसती विखुरलेली टिंबं दिसत होती. मग फुल्या पडायला लागल्या आणि मला काय दिसतंय ते समजलं.

रेघ होती. चिंचेच्या झाडापासून तिरकी, वावर कापत, आजच्या बांधाला न जुमानता, ओढ्याकडे. आठ-दहा पावलांचा रुंद पट्टा, शिवराया आणि कंपनीचे पैसे बहुतेक त्याच्या आत, आणि बैलांच्या पत्र्या तर जवळपास सगळ्याच. पट्ट्याच्या बाहेर खिळे होते, तार होती, पण पत्री क्वचितच. शुक्रवारी मी जे गंजकं लोखंड म्हणत होते त्यानेच रस्ता दाखवला. एकटी शिवराई घरी नेऊन डबीत ठेवली असती तर ती नुसती शिवराई राहिली असती, बाजारात अशा शिवराया ढिगाने मिळतात.

आप्पांना कागद दाखवला. त्यांनी बोट फिरवलं रेघेवरून आणि म्हणाले त्यांचे आजोबा सांगायचे, पूल व्हायच्या आधी चांदवडच्या बाजाराच्या गाड्या इथून ओढ्यात उतरायच्या. त्यांनी स्वतः कधी बघितलं नव्हतं, त्यांच्या समजत्या वयात तिथे बाजरीच होती.

आम्ही सगळे ओढ्यावर गेलो, शेजारच्या गावचे ते गृहस्थ पण. रेघ जिथे काठाला लागते तिथे काठ बाकीच्या काठासारखा उभा नाही, उतरता आहे, दोन्ही बाजूंनी झुडपं. भाऊजींनी आणि त्या गृहस्थांनी मिळून झुडपं तोडली, खालचा गाळ पावड्याने ओढला. खाली काळा पाषाण, आणि त्यात दोन समांतर खाचा. गाडीच्या चाकांच्या. बोट बुडेल एवढ्या खोल, आतून गुळगुळीत. किती गाड्या गेल्या असतील तेव्हा हा दगड असा झिजला असेल! मुलं लगेच खाचेत उभी राहून चालायला लागली. ते गृहस्थ उकिडवे बसले, खाचेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आमच्याकडून पण याच गाड्या येत असतील मग." त्यांच्या गावाची दिशा तीच. पायाळू माणसाचा विषय परत त्यांनी काढला नाही, उलट त्यांच्या वस्तीवर एक जुनी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) पडलीय ती बघायला या म्हणाले.

दुपारी मशीन परत काढलं नाही. खाचांची मापं घेतली, दोन्हींमधलं अंतर, उतार, फोटो. आणि खड्डे सगळे बुजवलेत ना ते बघत आम्ही वावरातून एक फेरी मारली.

सोमवार, कागद

कलेक्टरना अर्ज. नाण्यांची यादी, वजन, अंदाजे किंमत, गट नंबर, सापडल्याची तारीख, सोबत ग्राफपेपरची झेरॉक्स आणि आप्पांची सही. कायद्यात आहे की नाणी सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा हवी तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. आम्ही पाकिटांसकट जमाच केली. पुढे सरकार ठरवेल. नोटीस निघते, हक्क सांगणाऱ्यांचं ऐकून घेतात, आणि सरकारला स्वतःकडे ठेवायचं असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते घेऊ शकतात. तांब्याचा भाव धरला तर ती रक्कम काही मोठी होणार नाही, आणि आप्पांनी मला आधीच सांगितलंय की ते पैसे आले तर शाळेला.

ऑफिसमधल्या माणसाने अर्ज दोनदा वाचला. "तुम्ही स्वतःहून आणून देताय?" असं विचारलं, आणि मग खुर्ची दिली. पोच मिळाली, शिक्क्यासकट. सर म्हणाले ही पोच फ्रेम करण्यासारखी आहे.

आता पुढचं काम गावनकाशाचं. भूमी अभिलेखच्या जुन्या नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने आणि पायवाट तुटक एकेरी रेघेने दाखवलेली असते, तर आमच्या गटातून अशी काही रेघ जाते का ते बघायचंय, नक्कल मागायचा अर्ज भाऊजींनी आजच टाकला. आणि तो पट्टा सोडून बाकीच्या वावरात कांद्याची लागवड उद्यापासून सुरू होतेय, मजूर ठरलेत, पट्ट्यात यंदा हरभरा टाकू असं आप्पा म्हणाले, म्हणजे काढणी लवकर होईल आणि उन्हाच्या आधी ओढ्याच्या पलीकडच्या बाजूला, त्या गृहस्थांच्या वावरात, त्यांच्या लेखी परवानगीने, रेघ पुढे कुठे जाते ते बघता येईल.